संघ घराण्याचा की गावाचा?

मालक बदलला किंवा त्याने हात काढून घेतला, म्हणजे काय होते, हे सोलापूरकरांना समजावून सांगण्याची गरज नाही. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू मिल या नावांभोवती शहराच्या कित्येक पिढ्या वाढल्या. भोंगे थांबले तेव्हा मालकांची गुंतवणूक बुडाली असेल. पण पोरकी झाली ती गिरणगावातील घरे. आता खेळाच्या संघांनाही मालक आले आहेत. महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये २०२३ साली ‘सोलापूर रॉयल्स’ हा क्रिकेट संघ शहराचे नाव घेऊन उतरला. त्या वर्षीचे सामने मात्र पुण्याजवळ गहुंजे येथे झाले. अशा संघावर खरा हक्क कोणाचा? पैसे मोजणाऱ्याचा, की ज्याचे नाव खेळाडू छातीवर मिरवतात त्या गावाचा?

या प्रश्नाची उकल अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये अनेकदा झाली आहे. त्यातील एक प्रकरण मराठी वाचकाला जवळचे वाटावे असे आहे. ‘सॅक्रामेंटो किंग्ज’ या संघाची सूत्रे २०१३ पासून विवेक रणदिवे यांच्याकडे आहेत. मुंबईत जन्मलेले व वाढलेले रणदिवे संगणक उद्योगातून पुढे आले. ‘एनबीए’ या लीगमधील संघावर नियंत्रण मिळविणारे ते भारतीय वंशाचे पहिले मालक होत.

योगायोग असा, की हा संघही मुळात ‘रॉयल्स’च. रोचेस्टर येथे हॅरिसन बंधूंनी तो चालविला व १९५१ मध्ये त्याने अजिंक्यपद मिळविले. १९५७ मध्ये संघ सिनसिनाटीला गेला. १९७२ मध्ये तो कॅन्सस सिटीत आला, तेव्हा तेथे ‘रॉयल्स’ नावाचा बेसबॉल संघ आधीच होता. म्हणून नाव ‘किंग्ज’ झाले. १९८५ मध्ये तो सॅक्रामेंटोत स्थिरावला. तीन वेळा गाव सुटले. १९५१ नंतर विजेतेपद एकदाही आले नाही.

रणदिवेंपूर्वी संघ मलूफ घराण्याकडे होता. या घराण्याचा अनुभव बोलका आहे. वडिलांनी १९७९ मध्ये ‘ह्यूस्टन रॉकेट्स’ घेतला. पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले आणि १९८२ मध्ये कुटुंबाने तो विकला. पुढे मुलांनी ‘किंग्ज’ मिळविला. पण २०१३ मध्ये तोही सिएटलच्या गटाला विकण्याचे ठरविले. संघ चौथ्यांदा स्थलांतर करणार, हे जवळपास निश्चित होते.

येथे फ्रँचायझीचे मर्म कळते. मालकाच्या हाती येतो तो संघ चालविण्याचा परवाना. विक्री असो वा स्थलांतर, इतर संघमालकांची संमती लागते. सिएटलच्या गटाची बोली मोठी असूनही मालकांच्या मंडळाने २२ विरुद्ध ८ मतांनी स्थलांतर फेटाळले. महापौर केव्हिन जॉन्सन स्वतः माजी खेळाडू. त्यांनी स्थानिक गट उभा केला होता आणि नव्या क्रीडागारासाठी शहर आपला वाटा उचलणार होते. रणदिवेंच्या गटाने ५३ कोटी ४० लाख डॉलर मूल्यांकनाने बहुमताचा हिस्सा घेतला. त्यासाठी रणदिवेंना ‘गोल्डन स्टेट वॉरियर्स’मधील आपला हिस्सा सोडावा लागला. नवे क्रीडागार २०१६ मध्ये खुले झाले.

रणदिवेंचा या खेळाशी संबंध जडला तोही घरातूनच. मुलगी अंजली हिच्या शालेय वयाच्या संघाचे ते प्रशिक्षक होते. उंची व कौशल्य कमी असलेल्या मुलींना त्यांनी संपूर्ण मैदानभर प्रतिस्पर्ध्यांना रोखण्याचे तंत्र शिकविले. लेखक माल्कम ग्लॅडवेल यांनी २००९ मध्ये त्यावर लिहिले. पुढे २०२२ मध्ये अंजली या ‘किंग्ज’शी संलग्न ‘स्टॉकटन किंग्ज’च्या महाव्यवस्थापक झाल्या. ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘किंग्ज’ मुंबईतही खेळून गेला.

तथापि पुढची पिढी तयार असली, म्हणजे वारसा टिकतोच असे नाही. जेरी बस यांनी १९७९ मध्ये ‘लॉस एंजेलिस लेकर्स’ घेतला आणि मालकी सहा मुलांसाठी विश्वस्त निधीत ठेवली. २०१३ मध्ये ते गेले. २०१७ मध्ये भावंडांतील नियंत्रणाचा वाद न्यायालयापर्यंत पोहोचला. अखेर २०२५ मध्ये सुमारे १० अब्ज डॉलर मूल्यांकनाने बहुमताचा हिस्सा विकला गेला. ‘युटा जॅझ’ राज्याबाहेर जाऊ नये, म्हणून मिलर कुटुंबाने २०१७ मध्ये खास विश्वस्त निधी उभारला. २०२० मध्ये मात्र संघ विकला. खरेदीदार युटाचाच, आणि संघ गावातच राहिला, हे महत्त्वाचे.

संघाची किंमत वाढली की वारसांपुढे पेच येतो: हिस्सेदार वाढतात, करांचा बोजा असतो, आणि निर्णयाचा अधिकार एकाच्याच हाती द्यावा लागतो. म्हणून केवळ घराण्याच्या आस्थेवर गावाने विसंबणे धोक्याचे. सॅक्रामेंटो वाचले ते लीगचे नियम, शहराचा आर्थिक सहभाग आणि तेथेच राहू इच्छिणारा खरेदीदार, या तिन्हींमुळे.

आपल्या नावाच्या संघासाठी टाळ्या वाजविताना सोलापूरकरांनी म्हणूनच तीन गोष्टी विचारायला हव्यात: करार किती वर्षांचा आहे, घरच्या मैदानावर सामने कधी होणार, आणि उद्या मालक बदलला तर शहराचे नाव टिकण्याची हमी कोण देणार?