हिवाळ्याचे गवत आणि उन्हाळ्याची कुरणे

आल्प्स पर्वताचे चित्र बहुतेकांच्या मनात ठरलेले असते. माथ्यावर बर्फ, त्याखाली काळा कडा, कड्याच्या पायथ्याशी हिरवेगार कुरण आणि त्यात गळ्यात घंटा बांधलेल्या गाई. यांपैकी बर्फ आणि कडा ही निसर्गाची करणी होय. कुरण मात्र बव्हंशी माणसाने आणि गाईने मिळून घडविले आहे. स्वित्झर्लंडमध्ये साधारणपणे अठराशे ते दोन हजार मीटर उंचीपर्यंत, आणि काही भागांत त्याहूनही वर, झाडे वाढू शकतात. त्या उंचीखालची मोकळी कुरणे पूर्वजांनी जंगल तोडून काढलेली आहेत. दर उन्हाळ्यात तेथे गुरे चरली नाहीत, तर थोड्याच वर्षांत झुडपे माजतात आणि त्यांच्यामागून जंगल परत येते.

ही गोष्ट ध्यानात ठेवून जो प्रवासी ऑक्टोबरच्या आरंभी ईशान्येकडील आपेनझेलहून निघतो आणि मोटारीने घाटामागून घाट ओलांडीत नैर्ऋत्येकडील मार्तिन्यीपर्यंत जातो, त्याला गुरांची प्रदर्शने, शेतकऱ्यांचे गोठे आणि पर्वतांची शोभा ही तीन निरनिराळी आकर्षणे वाटत नाहीत. ती एकाच व्यवस्थेची तीन अंगे आहेत, असे त्याला दिसून येते.

हा प्रवास शरदातच करावा, याला कारण आहे. उन्हाळ्याचे सुमारे शंभर दिवस गाई उंचावरील कुरणांवर असतात. सप्टेंबरच्या सुमारास त्या खाली उतरतात आणि त्यानंतर गावोगावी प्रदर्शने भरतात. आपेनझेल हे २,५०२ मीटर उंचीच्या झेन्टिस शिखराच्या छायेतील लहानसे गाव. प्रदर्शनाच्या दिवशी पहाटेपासून आसपासचे शेतकरी आपापले कळप पायी चालवीत गावात आणतात. मिरवणुकीचा क्रम परंपरेने ठरलेला आहे. सर्वांत पुढे पांढऱ्या शेळ्या आणि त्यांना हाकणारी मुले, मग तांबडे जाकीट व पिवळी तुमान घातलेला गवळी, त्याच्यामागे तीन मोठ्या घंटा वाहणाऱ्या तीन गाई, मग उरलेला कळप.

मैदानात गाई दोरखंडाला ओळीने बांधल्या जातात आणि परीक्षकांचे काम सुरू होते. या भागातील गाय तपकिरी जातीची. रंग करडा-तपकिरी आणि नाकपुड्यांभोवती फिकट पांढरे वलय. परीक्षक कास पाहतात. ती शरीराला घट्ट जोडलेली आहे काय, सड सारख्या अंतरावर आहेत काय, हे तपासतात. परंतु तितक्याच बारकाईने ते पाय आणि खूर पाहतात. ज्या गाईला उतारावर दिवसभर चढउतार करावयाची आहे, तिचा खूर मऊ असून चालत नाही आणि लोंबती कास दगडांवर घासून चालत नाही. बक्षीस सौंदर्याला दिले जाते असे वरवर वाटते. वस्तुतः ती पर्वतावर टिकून राहण्याच्या क्षमतेची परीक्षा असते.

प्रदर्शनाहून एखाद्या शेतकऱ्याच्या घरी गेले म्हणजे व्यवस्थेची दुसरी बाजू दिसते. घर आणि गोठा बहुधा एकाच छपराखाली असतात, आणि गोठ्यावरचा सारा माळा गवताने भरलेला असतो. हिवाळ्यात कित्येक महिने जमीन बर्फाखाली असते. तेवढ्या काळाची वैरण उन्हाळ्यातच साठवावी लागते. ज्या कुरणावर गवत कापावयाचे त्यावर गुरे चारता येत नाहीत. म्हणूनच गाई वर पाठवितात आणि खालचे गवत कापून, वाळवून माळ्यावर चढवितात. अशा रीतीने शिखराजवळचे कुरण आणि गोठ्यावरचा माळा एकमेकांना बांधले गेले आहेत.

तेथून दक्षिणेकडे ग्लारुसचे खोरे ओलांडून रस्ता १,९४८ मीटर उंचीच्या क्लाउझेन घाटाकडे चढू लागतो. वाटेत उर्नरबोडेन नावाचे लांबरुंद पठार लागते. देशातील सर्वांत मोठे सामाईक कुरण म्हणून ते ओळखले जाते. पठाराचे पाणी ग्लारुसकडे वाहते, पण मालकी पलीकडच्या उरी प्रांताची. याची एक दंतकथा सांगतात. सीमा ठरविण्यासाठी दोन्ही बाजूंच्या धावपटूंनी कोंबडा आरवताच धावू लागावे आणि जेथे त्यांची भेट होईल तेथे सीमा मानावी, असे ठरले. ग्लारुसच्या लोकांनी आपला कोंबडा चांगला खाऊ घालून ठेवला, तो सुस्त झोपून राहिला. उरीचा उपाशी कोंबडा अंधारातच आरवला आणि कुरण उरीकडे गेले. दोन प्रांतांच्या आठवणीत जी सीमा राहिली ती गडकिल्ल्यांची नव्हे, गवताची होती.

या उंचीवरून रोजचे दूध खाली नेणे पूर्वी अशक्यच होते. त्यावर तोड म्हणून ते जागच्या जागी आटोपशीर आणि टिकाऊ करण्यात आले. तांब्याच्या मोठ्या कढईत दूध कोमट करून ते वासराच्या जठरातून मिळणाऱ्या रसाने विरजतात, चोथा दाबून त्याची चाके करतात. सुमारे दहा लिटर दुधापासून किलोभर टणक चीज होते आणि ते महिनोन् महिने टिकते. डोंगरावरचा उन्हाळा खालच्या तळघरात साठविण्याची ही युक्ती होय.

आल्टडॉर्फ आणि आन्डरमाटवरून पुढे गेल्यावर २,४२९ मीटर उंचीचा फुर्का घाट येतो. पलीकडे ऱ्होन नदीचा उगम असलेली हिमनदी दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तिचे टोक खाली ग्लेच येथील सपाटीपर्यंत पोहोचत होते. आज ते कड्याच्या वर मागे सरले असून तेथे वितळलेल्या पाण्याचे तळे झाले आहे. हिमनद्या आटल्या म्हणजे कोरड्या उन्हाळ्यात कुरणांना पाणी कोठून मिळणार, हा प्रश्न येथे केवळ तर्काचा राहिलेला नाही. २०१८ च्या अवर्षणात काही पहाडी कुरणांवरील गुरांसाठी लष्करी हेलिकॉप्टरांनी पाणी पोहोचवावे लागले.

ऱ्होनच्या खोऱ्यातून उतरत फिस्पच्या वर त्योर्बेल हे उभ्या उतारावरील गाव लागते. प्रवासी येथे क्वचितच थांबतो. परंतु या गावाचे नाव अर्थशास्त्राच्या ग्रंथांत गेले आहे. १४८३ साली येथील गावकऱ्यांनी सामाईक कुरण, जंगल आणि पडीक जमीन यांच्या वापराचा लेखी करार केला. १५१७ साली असा नियम नोंदला गेला की, हिवाळ्यात जितक्या गाई पोसता येतील त्याहून अधिक गाई कोणीही उन्हाळ्यात कुरणावर पाठवू नयेत. नियम मोडणाऱ्यास दंड होई, आणि दंड वसूल करणाऱ्या गावच्या अधिकाऱ्याला त्यातील निम्मी रक्कम मिळे. वर्षअखेरीस चीजची वाटणीही ज्याच्या जितक्या गाई त्या प्रमाणात होई.

सामाईक मालमत्तेचा नाश अटळच असतो, या समजुतीला एलिनॉर ऑस्ट्रम यांनी १९९० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात जे आव्हान दिले, त्यात त्योर्बेलचे उदाहरण ठळक होते. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. नियमाचे मर्म त्याच्या साधेपणात आहे. बाहेरून गाई आणून उन्हाळ्याचे फुकट गवत चारावे आणि हिवाळ्यापूर्वी त्या विकाव्यात, ही वाट तो बंद करतो. शिवाय मोजणीही सोपी असते. शेजाऱ्याच्या माळ्यावर गवत किती, हे सगळ्या गावाला ठाऊक असते.

प्रवासाची अखेर मार्तिन्यीत होते. येथील रोमन काळच्या रंगमंडलात शरदात गाईंची झुंज भरते. एरांस जातीच्या या काळसर, ठेंगण्या, रुंद कपाळाच्या गाई स्वभावतःच झुंजार असतात. उन्हाळ्याच्या आरंभी निरनिराळ्या गोठ्यांतील गाई कुरणावर एकत्र आल्या म्हणजे त्या शिंगे भिडवून आपसांत क्रम लावून घेतात. जी पाठ फिरवते ती हरली. जी शेवटपर्यंत उभी राहते ती राणी, आणि तिचे बक्षीस म्हणजे घंटा. दुधाच्या हिशेबाने ही जात मागे आहे. तरीही तिला सांभाळणारे लोक आहेत, म्हणूनच अनेक चढांवरची कुरणे अजून चरली जातात.

या देशाच्या गाईंचा आपल्याशी जवळचा संबंध आहे. १९६३ साली झालेल्या भारत-स्विस करारानुसार केरळात मुन्नारजवळील माट्टुपेट्टी येथे तपकिरी स्विस वळू आणले गेले आणि स्थानिक गाईंशी त्यांच्या संकरातून ‘सुनंदिनी’ची पैदास सुरू झाली. कर्नाल येथील राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेने साहिवाल व तांबडी सिंधी यांच्याशी संकर करून ‘करण स्विस’ तयार केली. अनुभव असा आला की, आपल्या उष्ण हवेत आणि अपुऱ्या वैरणीत विदेशी रक्त फार वाढविणे हिताचे नसते. केरळच्या धोरणात ते सुमारे निम्म्यावर राखण्यात आले. वळू समुद्रापलीकडून आणता येतो, त्याच्यामागचा गवताचा माळा मात्र आपल्या आपणच बांधावा लागतो.

खुद्द स्वित्झर्लंडमध्येही ही व्यवस्था निर्धास्त नाही. १९८५ साली तेथे सुमारे ९९ हजार शेतकरी कुटुंबांची शेते होती. २०२० साली ती ५० हजारांहून कमी उरली. पहाडी कुरणे ही देशाच्या शेतीखालील जमिनीच्या जवळजवळ एक तृतीयांश आहेत. तेथील चराई चालू राहावी म्हणून सरकार अनुदान देते, आणि भूदृश्याचे जतन हे शेतीचे एक कर्तव्य म्हणून १९९६ साली जनमताने राज्यघटनेत स्वीकारले गेले. २०२३ साली युनेस्कोने या उन्हाळी कुरणांच्या परंपरेला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले. परंतु मानपत्राने गवत कापले जात नाही. त्यासाठी पहाटे उठून धारा काढणारा माणूस लागतो. घाटावरून दिसणाऱ्या हिरव्या उताराकडे पाहताना, तो मोकळा राहावा म्हणून आज सकाळी कोणीतरी तेथवर चढून गेले असेल, एवढे प्रवाशाने मनात आणले म्हणजे पुरे.