हाताने घडवलेल्या गाड्या (भाग ६) : बोल्ट आवळण्याआधी

मागच्या आठवड्यात आपण फायबरग्लासची बॉडी साच्यातून सोडवली. चार जणांनी सहज उचलावी इतकी हलकी, गुळगुळीत, बघताक्षणी मनात भरणारी. आता ती चासीवर चढवायची. किट कार बांधणारे अनेक जण नेमके इथेच अडतात आणि गाडी शेडच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली जाते. बॉडी एका घरची, चासी दुसऱ्या घरची आणि इंजिन कधी कधी तिसऱ्याच घरचे. या तिघांचे जमवायचे कसे, हे आज पाहू.

चासीवर वेगळी बॉडी बांधणे आपल्याला नवे नाही. एसटीच्या दापोडीच्या कार्यशाळेत इंजिन आणि चाकांसह नुसती चासी येई आणि तिच्यावर बस उभी राही. पण तिथे बॉडीचा आराखडा त्याच चासीसाठी काढलेला असतो. किट कारमध्ये बॉडीचा आकार एकाच्या मनातून आलेला असतो आणि खालची चासी जुन्या, वेगळ्याच गाडीची असते. जगभर या कामासाठी सर्वांत जास्त वापरली गेली ती फोक्सवॅगन बीटल. तिची बॉडी बोल्ट काढून उतरवली, तरी खालचा पत्र्याचा तळ चाके, इंजिन, गिअर आणि स्टिअरिंगसकट पाटासारखा उभा राहतो. बांधणाऱ्याला याहून मोठी सोय कोणती हवी?

मँक्स : जिथे चासी कापली

कॅलिफोर्नियातले ब्रूस मेयर्स मुळात फायबरग्लासच्या बोटी बांधणारे. १९६४ साली त्यांनी वाळूवर पळणारी छोटी उघडी गाडी बनवली, तीच मेयर्स मँक्स. पहिल्या १२ गाड्यांना बीटलचा तळ नव्हताच. फायबरग्लासची बॉडी हीच चासी होती आणि बीटलचे सस्पेन्शन थेट तिला जोडलेले होते. गाडी भक्कम होती, पण बनवायला किचकट आणि महाग. म्हणून मेयर्सनी आराखडा बदलला आणि बॉडी बीटलच्या तळावर बसेल अशी केली.

अडचण मापाची होती. बीटलचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधले अंतर, २४०० मिलिमीटर. मँक्सची बॉडी त्याहून आखूड. तळाच्या मधल्या भागातून सव्वाचौदा इंच, म्हणजे सुमारे ३६ सेंटिमीटरचा पट्टा कापून काढायचा आणि उरलेले दोन तुकडे पुन्हा जोडायचे, हा त्यावरचा उपाय.

ऐकायला हे सोपे वाटते. पण तळाच्या मधोमध जाणाऱ्या उंच बोगद्यात गाडीच्या शिरा आहेत : गिअरचा दांडा, क्लचची आणि ॲक्सिलरेटरची केबल, हँडब्रेकच्या केबली, पेट्रोलची नळी. तळ ३६ सेंटिमीटरने आखूड झाला की या सगळ्यांना तेवढेच आखूड व्हावे लागते. गिअरचा दांडा दोन मिलिमीटर चुकला तरी एखादा गिअर नीट पडत नाही. आणि जिथे वेल्डिंग करायचे, तिथूनच पेट्रोलची नळी जाते. टाकी उतरवून, नळी काढून, आत वाफ उरली नाही याची खात्री केल्याशिवाय तिथे ठिणगी पाडायची नाही. या कामात घाईला जागा नाही.

पुढची कसोटी गुण्याची. गवंडी घराचा पाया आखताना दोन्ही कर्ण मोजतो. ते सारखे भरले की आखणी गुण्यात आहे असे समजतो. इथेही तेच. पुढच्या ॲक्सलच्या दोन टोकांपासून मागच्या दोन टोकांपर्यंत तिरकी मापे घ्यायची. त्यासाठी ओळंबा सोडून चारही बिंदू जमिनीवर उतरवायचे, खडूने खुणा करायच्या आणि सुतळी ताणायची. दोन्ही कर्ण सारखे आले की आधी फक्त टाके मारायचे आणि पुन्हा मोजायचे. वेल्डिंगच्या उष्णतेने पत्रा ओढला जातो, म्हणून एका बाजूला थोडे, मग दुसऱ्या बाजूला थोडे, असे जोडत जायचे. हे चुकले तर गाडी जन्मभर तिरकी चालते. वरची बॉडी कितीही देखणी असली तरी.

तळ जुळला तरी वजन जुळलेले नसते. बीटलची पोलादी बॉडी गेली आणि हलके फायबर आले की जुन्या स्प्रिंगा नव्या गाडीसाठी फार ताठ ठरतात. मागची बाजू उचललेली राहते आणि जुन्या प्रकारच्या मागच्या ॲक्सलची चाके वरून बाहेर, खालून आत अशी कलतात. वळणावर ते धोक्याचे. यावरचा उपाय बीटलमध्येच दडलेला आहे. तिची मागची स्प्रिंग म्हणजे पिळला जाणारा पोलादी दांडा. त्याच्या आतल्या टोकाला ४० दाते आणि बाहेरच्या टोकाला ४४. आतले टोक एक दाता फिरवले की ९ अंश सरकते, बाहेरचे एक दाता फिरवले की ८ अंशांहून किंचित जास्त. एक पुढे, एक मागे केले की एका अंशाहूनही कमी फरक साधता येतो. हा दांडा घडवणाऱ्यांच्या बुद्धीला मी मनापासून दाद देतो. गाडी किती खाली बसवायची, हे असे दाते मोजून ठरवता येते.

एमजी टीडी : जिथे एकच माप जुळले

दुसरे उदाहरण याच्या अगदी उलट आहे. १९५० ते १९५३ या काळात बनलेल्या ब्रिटिश एमजी टीडीची प्रतिकृती अमेरिकेत अनेकांनी बीटलच्या तळावर बांधली. टीडीचा व्हीलबेस ९४ इंच, बीटलचा साडेचौऱ्याण्णव. फरक अर्ध्या इंचाचा, त्यामुळे कापाकापी नाही. पण जुळणी तिथेच संपते. टीडीची दोन पुढच्या चाकांमधली रुंदी बीटलपेक्षा सुमारे १० सेंटिमीटरने कमी. मूळ मापाचे मडगार्ड लावले तर बीटलची चाके बाहेर डोकावतील, म्हणून प्रतिकृतीचे मडगार्ड रुंद करावे लागतात आणि मग बाकीची प्रमाणेही नव्याने बांधावी लागतात.

इंजिनाचा प्रश्न त्याहून मोठा. टीडीचे इंजिन लांब बॉनेटखाली, पाण्याने थंड होणारे; बीटलचे मागच्या ॲक्सलच्याही मागे, हवेने थंड होणारे. प्रतिकृतीत लांब बॉनेट रिकामे राहते, समोरची जाळी केवळ शोभेची आणि खरे इंजिन शेपटाखाली. बीटलच्या इंजिनाभोवती पत्र्याचे आवरण आणि रबराची पट्टी असते. वरची थंड हवा आणि खालची तापलेली हवा यांना ते वेगळे ठेवते. नव्या बॉडीत ही पट्टी कुठे टेकणार, याचा विचार झाला नाही तर पंखा स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतो आणि इंजिन तापते. म्हणून बॉडी बसवण्याआधीच कागदावर दोन बाणांनी लिहून ठेवावे : हवा येणार कुठून आणि जाणार कुठे.

फट आणि पाना

आता बॉडी तळावर ठेवली. चारही कोपरे सारखे टेकत नाहीत, एका ठिकाणी फट राहते. माझ्या हातून पहिल्या बॉडीच्या वेळी इथेच चूक झाली. मागच्या डाव्या कोपऱ्यात सहा मिलिमीटरची फट होती. मी पाना घेतला आणि बोल्ट आवळत गेलो. फट मिटली, मला समाधान वाटले. तीन आठवड्यांनी दार लागेना आणि दाराच्या वरच्या कोपऱ्यातून कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे निघाले. फट गेली नव्हती. मी ती कोपऱ्यातून उचलून दारात नेऊन ठेवली होती.

तेव्हापासून माझा नियम एकच आहे : बोल्टचे काम धरून ठेवण्याचे, ओढून आणण्याचे नाही. बॉडी मोकळी ठेवावी, दारे उघडून-मिटून पाहावीत, जिथे फट दिसेल तिथे तेवढ्याच जाडीचे पॅकिंग भरावे, खाली रबराची पट्टी द्यावी आणि बोल्टखाली मोठी चकती घालावी, म्हणजे ताण एका भोकावर येत नाही. सीटबेल्टचे बोल्ट मात्र फायबरमध्ये कधीही धरू नयेत. ते चासीच्या पोलादातच गेले पाहिजेत. आणि फायबरमधून वीज वाहत नाही. पोलादी गाडीत बॉडीच परतीची तार असते. इथे प्रत्येक दिव्याला चासीपर्यंत वेगळी अर्थिंगची तार ओढावी लागते, नाहीतर मागचा दिवा मिणमिणत राहतो आणि आपण बल्ब बदलत बसतो.

आपल्याकडे हे वेड मर्यादित राहिले, कारण मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीकृत गाडीत मूळ रचनेपासून दूर जाणारे बदल करू देत नाही. तरीही अलिबागजवळ चिंकारा मोटर्सने फायबरग्लासची रोडस्टर बांधली, इसुझूच्या १.८ लिटर इंजिनावर. तिथे चासी आणि बॉडी ते इंजिन डोळ्यांसमोर ठेवून घडवली गेली. जुन्या गाडीवर नवी बॉडी चढवणाऱ्याला ही सवलत नसते. त्याला ती मोजमापाने मिळवावी लागते.

माझी ती बॉडी मी नंतर उतरवली, तडे घासून भरले आणि त्या कोपऱ्यात सहा मिलिमीटरची पट्टी घातली. दार एका बोटाने लागले.

*पुढच्या आठवड्यात : इंजिन पुढे आणि ओढणारी चाके मागे असतील तर प्रोपेलर शाफ्टचे कोन कसे जुळवायचे.*