तेल्या आणि झाडाचा पहारा

आटपाडी, जत, कवठेमहांकाळ आणि इकडे माण-खटाव. पाऊस कमी, जमीन हलकी. अशा मुलखात डाळिंबाने कितीतरी संसार उभे केले. २००० नंतरच्या दशकात त्याच बागांवर तेल्या पसरला. पानाफळांवर आधी तेलकट ठिपका उठतो, मग तो काळपट होतो आणि फळ तडकते. हा बुरशीचा रोग नव्हे, झँथोमोनास नावाच्या जिवाणूचा आहे.

झाडाला आपल्यासारख्या रक्तात फिरणाऱ्या पांढऱ्या पेशी नसतात. प्रत्येक पेशीला आपला पहारा आपणच द्यावा लागतो. पेशीच्या आवरणातली काही प्रथिने जिवाणूच्या शेपटीचा तुकडा ओळखतात. खूण पटली, की पेशीभित्तिका जाड होते, पर्णरंध्रे मिटतात. पण जिवाणूही वस्ताद! तो सुईसारख्या नळीतून आपली प्रथिने पेशीत सोडतो आणि पहारा बंद पाडतो. मग दुसरी फळी उभी राहते. पेशीच्या आतल्या पहारेकऱ्यांनी घुसखोर ओळखला, तर ती पेशी स्वतःच मरते आणि जिवाणूला तिथेच कोंडते. हे पहारेकरी घडवायचे कसे, हे जनुकांत लिहिलेले असते.

पाटण, शिराळ्याकडच्या भातकऱ्यांना ‘कडा करपा’ ठाऊक आहे. तो तेल्याच्या जिवाणूच्या भाऊबंदाचा. हा भाताच्याच साखर वाहणाऱ्या जनुकाची कळ दाबतो आणि बाहेर आलेल्या साखरेवर पंगत झोडतो. काही भातांत मात्र ही कळच बदललेली असते. जिवाणूचे बोट तिच्यावर बसत नाही. त्या जनुकाला ‘एक्सए-१३’ म्हणतात. ‘एक्सए-२१’ हे जनुक आफ्रिकेतल्या रानभातातले, १९९५ मध्ये वेगळे केलेले. ही दोन आणि ‘एक्सए-५’ अशी तीन जनुके हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी सांबा मसुरीत आणली. तो वाण २००८ मध्ये प्रसारित झाला. जनुकाचे नाव निघाले की काहींच्या कपाळाला आठ्या पडतात, पण हा साधा संकरच होता. जनुकीय खुणा पाहून रोपे निवडली, एवढेच.

मग डाळिंबात तसे का होत नाही? एक तर आपल्या बागा बहुतेक ‘भगवा’च्या, त्याही गुटी कलमांच्या. म्हणजे सगळी झाडे जनुकांनी एकच. एकाकडे जे नाही, ते कुणाकडेच नाही. शिवाय भाताची पिढी काही महिन्यांत होते, डाळिंबाला वर्षे लागतात. संकरानंतर तो रंग, तो मऊ दाणा परत मिळवायचा, तोही प्रतिकार न गमावता. सोलापूरला २००५ पासून यासाठी राष्ट्रीय केंद्र आहे. तोवर निरोगी रोपे, प्रत्येक झाडानंतर निर्जंतुक केलेली कात्री आणि भर पावसातल्या मृग बहाराऐवजी हस्त बहार, हेच हाती आहे.