आष्टीत एक दिवस आरामाचा

आष्टी म्हटलं की लोकांना बीडची आठवते, नाहीतर वर्ध्याची. ही जालना जिल्ह्यातली, परतूर तालुक्यातली. इथून दक्षिणेला गोदावरी ओलांडली की माजलगावचा रस्ता. नागपूरहून कन्याकुमारीला निघालेली माझी बुलेट शेगाव, लोणार, मंठा करत तिसऱ्या संध्याकाळी इथे पोचली. मित्राच्या मामांकडे एक दिवस आराम करायचा, असं ठरलं होतं. नोव्हेंबरात कापूसवाल्याच्या घरी कसला आराम!

साडेपाचला जाग आली ती भाकरी थापण्याच्या आवाजाने. मामींची दुरडी अर्धी भरली होती. मामा मात्र झोपलेले. या आठवड्यात शेतीची लाइट रात्रीची, त्यामुळे ते तीनला परतले होते.

सातला मामींनी विचारलं, “सुशीला चालती का?” मी दचकलो. भिजवलेल्या मुरमुऱ्यांना कांदा-मिरचीची फोडणी, वर डाळ्याचं पीठ. नावामागची बाई कोण, असं विचारलं की सगळे नुसते हसतात. मी दोनदा मागून घेतली.

आठला ओसरीपुढे गाडी उभी करून चेन काढायला बसलो. डिझेलचा बोळा, जुना टूथब्रश. बुलढाण्याची धूळ आणि वंगण मिळून काळा लगदा झाला होता. पुसून तेल दिलं, बोटाने वरखाली करून पाहिलं; इंचभर खेळ, ठीक. आजी बाजेवरून बघत होत्या.

“काय करू लाले? पाव्हण्यानं हात काळे करायचे असतेत का?”

“गाडी रोज मागते, आजी.”

“लगीन झालं का?”

“नाही.”

“मंग जांबंचं वारं लागलंय तुला.” जांब समर्थ इथून शेजारच्याच तालुक्यात, घनसावंगीत. रामदास तिथे 1608 साली जन्मले आणि ‘सावधान’ ऐकताच बोहल्यावरून निघाले, अशी कथा आहे. फिरत्या माणसाला मारायला या भागात टोमणा आयताच तयार असतो.

दव सुकल्यावर, दहाच्या सुमारास, वावरात. ओला कापूस वेचत नाहीत; साठवला तर खराब होतो, आणि भावही पडतो. कमरेला ओटी बांधून बाया ओळीने पुढे सरकत होत्या. दोन्ही हात चालू, तोंड त्याहून चालू. मीही ओटी मागितली. वाळल्या बोंडाच्या कडा नखाखाली घुसतात, आणि घाईने ओढलं की पाचोळा कापसाबरोबर येतो. माझ्या ओटीतला पाचोळा शेजारची मावशी न बोलता काढून टाकत होती. म्हणजे तिचं काम मी वाढवलंच होतं.

एकला लिंबाखाली जेवण: बाजरीची भाकरी, येसराची आमटी, कांदा. भाजलेल्या धान्या-मसाल्यांची ही पूड घरात असली की भाजी नसली तरी बाईचं अडत नाही, असं मामी म्हणाल्या. मग मी चक्क दोन तास झोपलो. आरामाचा हिशेब एवढाच.

पाचला काटा लागला. वेचणी किलोवर, म्हणून सगळ्यांचे डोळे काट्यावर. कुणाचा बत्तीस, कुणाचा अडतीस. माझा साडेतीन. मामांनी तोही वहीत लिहिला, मावशीच्या नावावर.

रात्री दहाला लाइट आली. मामा बॅटरी-काठी घेऊन निघाले, मी त्यांना बुलेटवर बसवून नेलं. स्टार्टरचं बटण दाबलं, विहिरीतून गुरगुर आली आणि हरभऱ्यावर स्प्रिंकलर फिरू लागले. आता दर काही तासांनी पाइप उचलून पुढे मांडायचे, चिखलात.

बांधावर बसल्यावर मामांनी गाडीकडे बॅटरी मारली. “कितीची हाय ही?”

“वीस हॉर्सपॉवर.”

“आमची मोटर पाचची. पाच एकर भिजवती.” थोडं थांबून म्हणाले, “अन् ही वीसची तुम्हा एकट्याला नेती?”

मी चपला काढल्या आणि पाइपाचं दुसरं टोक धरलं.