घरच्या काचेच्या टांकींत मुऱ्यांची पैदास

पांझरेवरील फडाच्या पाटांतलें पाणी उतरूं लागलें, म्हणजे तळच्या वाळूंत बोटाएवढा, ओठांशीं मिशा असलेला एक मासा चटकन् दडतांना दिसतो. त्या जातीस मराठींत मुरा म्हणतात. कर्नल साइक्स यांनीं १८३९ सालीं दख्खनच्या माशांचें वर्णन प्रसिद्ध केलें, त्यांत एका जातीस त्यांनीं ‘मूरेह’ असेंच नांव दिलें. शास्त्रीय नांवांत तें अद्याप कायम आहे. आमचें आयुष्य जमाबंदीच्या दप्तरांत गेलें असल्यामुळें, गांवकऱ्यांच्या तोंडचा शब्द जसाच्या तसा नोंदविणाऱ्या या अंमलदाराचें आम्हांस कौतुक वाटतें.

हल्लीं कित्येक शेतकरी बंधूंच्या घरीं शोभेच्या माशांच्या टांक्या आल्या आहेत. मासे मात्र बहुधा परदेशी असतात. आमचें म्हणणें असें कीं, एका टांकींत आपला मुरा ठेवावा व त्याची पैदास करून पाहावी. सह्याद्रींतील नद्यांतला पट्टेरी बोटिया याच गटांतला. शोभेसाठीं तो नदींतून धरून विकला जातो, आणि आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघानें आज त्याची गणना संकटांतील जातींत केली आहे. जो मासा घरीं निपजतो, त्यासाठीं नदी उपसावी लागत नाहीं.

दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच टांकींत सुमारें ५५ लिटर पाणी मावतें, तेवढी पुरे. तळाशीं चाळलेली बारीक वाळू दोन बोटें घालावी. टोंकदार खडी घालूं नये, तिनें मिशा झिजतात. वनस्पति दाट हव्यात: पट्टीसारख्या पानांची व्हॅलिसनेरिया, हायड्रिला, आणि तळाशीं शेवाळाचा गुंता. हवेच्या नळीवर चालणारी स्पंजाची गाळणी लावावी. दुसऱ्या गाळणींत पिलें ओढलीं जातात. वर झांकण अवश्य असावें, कारण ही जात उडी मारून बाहेर पडते. नळाचें पाणी दिवसभर उघडें ठेवून मग वापरावें. धुळ्याच्या उन्हाळ्यांत पारा ४० अंशांवर जातो, म्हणून टांकी माजघरांत ठेवून पाण्यावर पंख्याचा वारा घ्यावा.

नाल्यांतून सहा-आठ मासे आणावे, अधिक नको. मुऱ्यांच्या कांहीं जातींत नराच्या छातीवरील परांतले आंतले काटे जुळून कठीण झालेले असतात. मादी पोटानें भरदार दिसते. आपल्याकडील बहुतेक गोड्या पाण्यांतील मासे पावसाळ्यांत अंडीं घालतात, तेव्हां घरीं पाऊस आणावयाचा. प्रथम दोन-तीन आठवडे डासांच्या अळ्या व जलपिसवा खाऊं घालाव्या. मग सलग कांहीं दिवस, सायंकाळीं, टांकींतील तिसरा हिस्सा पाणी काढून त्या जागीं थोडें थंड, सांठविलेलें पावसाचें पाणी घालावें.

जावा-सुमात्राकडील कुली हा किड्यासारखा लांबट मासाहि याच गटांतला. त्याची प्रजा घरच्या टांकींत अनेकांनीं पाहिली आहे. त्याच्या मादीच्या पोटांतलीं हिरवट अंडीं कातडींतून दिसतात, आणि तीं पाण्यावर तरंगणाऱ्या वनस्पतींत विखुरलीं जातात. आईबाप अंडीं खातात, यासाठींच शेवाळाचा गुंता. मुऱ्याबाबतहि हाच बंदोबस्त ठेवावा. पिलें फार दिवस दृष्टीस पडत नाहींत. म्हणून अधीर होऊन टांकी उपसूं नये. वाळलेलें पान पाण्यांत कुजविलें कीं त्यांत सूक्ष्म जीव होतात. तें पाणी चमचा-चमचा द्यावें, व पुढें आर्टेमियाचीं नुकतीं निघालेलीं पिलें द्यावीं.

परदेशी मासे किंवा टांकींतील वनस्पति मात्र पाटांत कदापि सोडूं नयेत. आणि कपाशीवर फवारलीं जाणारीं पायरेथ्रॉइड वर्गाचीं औषधें माशांस अत्यंत विषारी आहेत; यासाठीं फवारणीचा पंप पाटांत बुडवून भरूं नये, आणि धुवावयाचा तो पाण्यापासून दूर, पड जमिनीवर धुवावा.