साधने शाळेच्या दाराशीच आहेत

एका शाळेत मी नव्याने रुजू झालो तेव्हा कपाटात एक सुंदर साहित्यपेटी पाहिली. तराजू, वजने, भिंग, चुंबक, पृथ्वीचा गोल, सर्व काही तीत होते. मात्र पेटीला कुलूप होते आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात. कारण विचारता उत्तर मिळाले, "मुले मोडतील, मग तपासणीला काय दाखवायचे?" त्या उत्तराचे मला हसू आले खरे, पण पुढे काही वर्षे मीही तसेच वागलो, हे कबूल केले पाहिजे.

साधनाधिष्ठित व विद्यार्थिकेंद्री अध्ययन हा शब्दप्रयोग आज प्रत्येक प्रशिक्षणवर्गात कानी पडतो. त्याचा अर्थ अवघड नाही. शिक्षकाने सांगावे आणि मुलांनी उतरून घ्यावे, ही रीत सोडून मुलांच्या हाती वस्तू, चिठ्ठी, नकाशा किंवा माहिती सांगणारा जाणता माणूस द्यावा, एक नेमका प्रश्न द्यावा आणि उत्तराची वाट त्यांनाच शोधू द्यावी. शिक्षक दूर होत नाही. तो फळ्यापासून उठून मुलांमध्ये येतो, एवढेच. परंतु साधन म्हणजे सरकारने धाडलेली पेटी, अशी आपली समजूत झाली आहे. ती किती अपुरी आहे हे आदिलाबादसारख्या भागात फार लवकर कळून येते.

या जिल्ह्याचे 2016 साली चार जिल्हे झाले. पण वर्गातील चित्र चारही ठिकाणी बरेचसे सारखेच आहे. एकाच बाकावर गोंडी, कोलामी, बंजारा, मराठी आणि तेलुगू बोलणारी मुले बसतात. घरी एक भाषा, बाजारात दुसरी, पुस्तकात तिसरी. असे मूल पहिल्या वर्षी गप्प राहते. आपण त्याला मंद म्हणतो, आणि तिसऱ्या-चौथ्या इयत्तेच्या सुमारास ते शाळेत दिसेनासे होते.

या मुक्या मुलाचा विचार येथे फार पूर्वी झाला होता. जल, जंगल आणि जमीन यांच्या हक्कासाठी लढताना कोमराम भीम 1940 साली जोडेघाट येथे मारले गेले. त्यानंतर येथील गोंडांची स्थिती अभ्यासण्यासाठी निजाम सरकारने क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला बोलाविले. जमिनीच्या प्रश्नाबरोबर त्यांनी शिक्षणाचा प्रश्नही हाती घेतला आणि 1943 साली मार्लवाई या गावी गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. गोंडीतील वाचनपाठ तयार झाले, आणि आपणां मराठी माणसांना विशेष वाटेल अशी गोष्ट म्हणजे ते देवनागरीत छापले गेले. ज्या थोड्या गोंडांना अक्षरओळख होती, त्यांना ती मराठीतून झालेली होती. साधन मुंबईहून किंवा हैदराबादहून आले नाही. गावातला अर्धशिक्षित तरुण हेच पहिले साधन ठरले. याच जिल्ह्यात अधिकारी म्हणून काम केलेल्या आपल्या सेतुमाधवराव पगडींनी गोंडी भाषा शिकून तिचे व्याकरण लिहिले, हेही या संदर्भात आठवते. पुढे राजवट बदलली, 1956 साली राज्यांच्या सीमा बदलल्या आणि हळूहळू शाळेची भाषा तेलुगू झाली. त्याला व्यवहाराची कारणे होती. तरी लहान मुलाचा पहिला पाठ त्याच्या बोलीपासून दूर गेला, हे माझ्या मते नुकसानच झाले.

मराठी प्रदेशात याच विचाराने काम केलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ही नावे आपल्या परिचयाची आहेत. 1945 साली बोर्डीला आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी माँटेसोरी पद्धतीची महागडी उपकरणे बाजूला ठेवून शिंपले, बिया, पाने आणि मातीची भांडी वापरली. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, म्हणून त्यांनी शाळाच कुरणावर नेली. आमच्या धर्मशिक्षणाच्या तासाला मला नेहमी वाटते, प्रभू येशूनेही शेतकऱ्यांना शिकविताना पेरणारा, मोहरीचा दाणा आणि हरवलेले मेंढरू यांच्यापलीकडची साधने शोधली नाहीत.

आता प्रत्यक्ष वर्गाकडे वळू. सातवीला शेकडेवारी शिकवावयाची होती. पुस्तकातील नफा-तोट्याची उदाहरणे मुले सूत्र पाठ करून सोडवीत आणि आठवड्यात विसरत. हा काळ्या जमिनीचा, कापसाचा मुलूख. म्हणून एके दिवशी मी घरून कापूस विकल्याची पावती आणावयास सांगितले. तिच्यावर वजन, भाव आणि ओलावा यांचे आकडे असतात. भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीत ओलावा 8 टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव मिळतो; त्यापुढे 12 टक्क्यांपर्यंत दर टक्क्यामागे भावातून एक टक्का कापला जातो; 12 च्या वर माल घेत नाहीत. एवढेच मी सांगितले, चार-चार मुलांचे गट केले आणि सोयीसाठी भाव क्विंटलला 7000 रुपये धरून प्रश्न दिला : 10 क्विंटल कापूस, ओलावा 11 टक्के, घरी किती रुपये आले पाहिजेत?

एका गटाने सरळ 3 रुपये वजा केले. दुसऱ्याने 11 टक्के कापले आणि शेतकऱ्याला बुडविले. मी गप्प राहिलो. शिक्षकाला सर्वांत कठीण जाते ते हेच. अखेर नेहमी मागे बसणाऱ्या एका मुलीने सांगितले की, 8 पर्यंत माफ आहे, म्हणून फक्त 3 टक्के, म्हणजे क्विंटलमागे 210 आणि एकूण 2100 रुपये. हाती येतील 67,900. ती हे अर्धे तेलुगूत, अर्धे मराठीत बोलली. मी भाषा सुधारली नाही.

या पद्धतीवर आक्षेप आहेत आणि ते खोटे नाहीत. गोंगाट होतो. एका धड्याला तीन तास लागतात, अभ्यासक्रम मागे पडतो, आणि परीक्षा काही कापसाची पावती विचारीत नाही. शिवाय हे पूर्वतयारीवाचून केले तर नुसती सहल होते. पावत्या आधी पाहून, कोणाच्या घरची अडचण चारचौघांत उघडी पडणार नाही ना, हे मला तपासावे लागले. दोन पावत्या मी परत दिल्या. म्हणून प्रत्येक धडा असा शिकवावा, असे मी म्हणत नाही. महिन्यातून दोन धडे निवडले तरी पुष्कळ.

विषय मात्र शोधत जावे लागत नाहीत. गोंडांचे चार, पाच, सहा आणि सात देवांचे कुळगट आहेत. त्यांत कोणाचे लग्न कोणाशी होते, हे मूल घरीच शिकलेले असते. वर्गीकरणाचा याहून चांगला पाठ कोणता? केस्लापूरच्या नागोबा जत्रेसाठी मेस्राम कुळातील लोक गोदावरीचे पाणी पायी आणतात. ती वाट नकाशावर काढली की भूगोल जिवंत होतो. नारनूर भागातील गुंजाला गावी गोंडी लिपीतील जुनी हस्तलिखिते सापडली आणि 2018 साली त्या लिपीला संगणकाच्या युनिकोडमध्ये स्थान मिळाले. आपल्या भाषेला स्वतःची अक्षरे आहेत, हे ऐकताना गोंड मुलांचे चेहरे पाहण्यासारखे असतात.

कापसाचा तास संपताना त्या मुलीने विचारले, "सर, ओलावा मोजतं कोण?" याचे उत्तर पुस्तकात नव्हते. पुढच्या शनिवारी आम्ही मार्केट यार्डात गेलो. तेथील माणसाने मापकाची टोके कापसात खुपसून काट्यावरचा आकडा दाखविला. मुलांनी एकाच गाडीतला कापूस वरून, मधून आणि तळातून मोजावयास लावला. तीन आकडे तीन प्रकारचे आले. यातला कोणता आकडा पावतीवर लिहितात, यावरून परतीच्या वाटेवर शाळा येईपर्यंत त्यांचा वाद चालला होता.