शिरेतली नळी आणि मुलाचा ताप

रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्या मुलाला महिनोन्‌महिने शिरेवाटे औषधे द्यावी लागतात. दर वेळी सुई टोचली तर हाताच्या शिरा निकामी होतात. म्हणून डॉक्टर एक मऊ, बारीक नळी हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत नेऊन ठेवतात. हीच कॅथेटर. पुष्कळ मुले ती घेऊनच गावी परततात.

सोय मोठी, पण कातडीच्या कुंपणाला त्यामुळे फट पडते. एरवी निरुपद्रवी असणारे जंतू त्या फटीतून थेट रक्तात शिरतात आणि नळीत चिकट थर करून राहतात. त्यांचा समाचार घ्यायचा तो पांढऱ्या पेशींनी. पण कर्करोगाच्या औषधांनी नेमक्या त्याच घटलेल्या असतात. म्हणून बहुधा पू धरत नाही, सूज येत नाही. ताप हीच काय ती खूण!

उपाय साधेच आहेत. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातील अतिदक्षता विभागांनी हात धुणे, जंतुनाशकाने कातडी पुसणे, नको असलेली नळी काढून टाकणे असे पाच नियम कसोशीने पाळले. २००६ सालच्या अहवालाप्रमाणे दीड वर्षात असा संसर्ग सुमारे दोन-तृतीयांशाने घटला.

घरीही नळीला साबणाने हात धुतल्यावाचून शिवू नये. पट्टी भिजू देऊ नये. आणि गुरुजी, वर्गातल्या अशा मुलाचा ताप १००.४ अंशांवर गेला, तर गोळी देऊन शाळा सुटण्याची वाट पाहू नका. पालकांना लगेच बोलवा. त्यांनी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारून मुलाला तातडीने रुग्णालयात न्यावे. तिथे पोचल्यावर तासाभरात शिरेतून औषध सुरू व्हायला हवे. इथे एकेक तास मोलाचा आहे.